बा कटोंगोंचं घड्याळ आणि माझा बांधलेला हात

किट्वे,
रविवार, १५ मार्च

तीर्थरूप गोंडवेमामांना,

वेझीचा गुडघे टेकून आणि टाळ्या वाजवून नमस्कार. (टाळ्या कागदातून ऐकू येत नाहीत, पण मी खरंच वाजवल्या. शेजारच्या खोलीतला माणूस काय झालं म्हणून डोकावून गेला.) तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला? मका कणसाला आला का? लुंडाझीत सगळे धडधाकट असतील तर लगेच कळवा, नसतील तर जरा थांबून कळवा, कारण सध्या माझ्या छातीत आणखी एका बातमीला जागा नाही. मामा, मी फार भ्यालोय. न्शिमाचा पहिला घास घशाखाली उतरत नाही. (दुसऱ्यापासून उतरतात.)

मला खाणीत काम मिळालं असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते खोटं होतं. खाणीतून निवृत्त झालेल्या बा कटोंगोंकडे मी कामाला आहे आणि माझं काम हात हलवण्याचं आहे. हसू नका. तीस वर्षं जमिनीखाली काढल्यावर खाणीने त्यांना मनगटी घड्याळ दिलं, मागे त्यांचं नाव कोरलेलं. त्याला चावी नाही, सेल नाही. आत एक चकती असते, मनगट हललं की ती फिरते आणि तिच्यावर घड्याळ चालतं. दीड दिवस हात हलला नाही की बंद. आणि मक्याच्या पेरणीपासून मालकांचा डावा हात खांद्यापासून नुसता लोंबतोय. लोकांना ते सांगतात, झोपेत अवघडलाय. लुसाकात राहणारा त्यांचा मुलगा टपूनच बसलाय, हात गेल्याचं कळलं की यांना उचलून आपल्या चौथ्या मजल्यावर नेणार. मालक म्हणतात, "आयुष्यभर खाली होतो, आता म्हातारपणी मला वर टांगणार?" म्हणून रविवार संध्याकाळपासून शनिवार सकाळपर्यंत घड्याळ माझ्या हातात. सहावीत बाईंनी मला "हा मुलगा एक क्षण स्वस्थ बसत नाही" म्हणून वर्गाबाहेर काढलं होतं, त्याच गुणावर मला इथे ठेवून घेतलंय.

एवढा आटापिटा शनिवारसाठी. दर शनिवारी दहा वाजता क्लबाच्या आंब्याखाली पाच म्हातारे जमतात. आठवडाभर मनगट उघडं ठेवतील, पण शनिवारी ठेवणीतलं घड्याळ घालून येणार. कुणाचं बापाने लढाईतून आणलेलं, काच तडकलेली. कुणाचं तीनशे मीटर पाण्यात चालणारं (ते घालणारा म्हातारा काफुए नदीच्या काठावर उभा राहायलाही घाबरतो). बा मुसोंडांचं तर अगदी नवं, भाच्याने पाठवलेलं, छातीचे ठोके मोजतं. रेडिओवर दहाचे ठोके पडले की सगळे आपापलं घड्याळ ताडून बघतात आणि ज्याचं मागेपुढे असेल त्याची दिवसभर हजामत होते. मग घड्याळं फिरतात, प्रत्येकाने शेजाऱ्याचं घालायचं, पट्टाही शेजाऱ्यानेच बांधायचा, कानाला लावायचं आणि मुंकोयोचे दोन पेले होईपर्यंत मिरवायचं. किंमत विचारायची नाही. बंद घड्याळ आणायचं नाही. बारा वर्षांत कुणी आणलेलं नाही.

आता माझं पाप ऐका. मंगळवारी बाजारात एका टोमॅटोवालीने माझ्या मनगटाकडे बघून म्हटलं, "बाळा, एवढं घड्याळ घालून फिरतोस, हातासकट नेतील." झालं! त्यानंतर मला रस्त्यावरचा प्रत्येक माणूस कोयता लपवून चाललाय असं दिसायला लागलं. एक पाद्री दिसले, तेही. म्हणून बुधवारी सकाळी मी अक्कल चालवली. घड्याळावरून कोपरापर्यंत पट्टी गुंडाळली, हात गळ्यात अडकवला आणि मोडलेल्या हाताचा माणूस होऊन हिंडलो. लोकांनी बसमध्ये जागा दिली, एका बाईने उकडलेल्या रताळ्याचा तुकडा दिला. मालकांना सांगितलं, चोरांपासून लपवलंय. ते म्हणाले, शहाणा आहेस. शनिवारी सकाळी सातला पट्टी सोडली तर घड्याळ गुरुवारी रात्रीच्या नऊ वाजून वीस मिनिटांवर गप्प. (हलवायला ठेवलेला हात मी तीन दिवस बांधून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. माझ्याच हाताची मला चीड आली.)

काटे दोन तास मागे घेतले, सात वाजवले, घड्याळाच्या इवल्या खिडकीतली बारा तारीख फिरवून चौदा केली आणि चालू राहावं म्हणून दोन तास कोंबड्यांच्या मागे पळालो. मालकांनी विचारलं, कोंबडी कापायची का आज? मी म्हटलं, नाही, ओळख वाढवतोय.

दहाच्या ठोक्याला घड्याळ बरोबर निघालं. मला वाटलं सुटलो. घड्याळं फिरली आणि मालकांचं आलं बा सिम्फुक्वेंच्या मनगटावर. हे खाणीचा भोंगा वाजवायचे. अजूनही बारा वाजले की त्यांची नजर आपोआप घड्याळाकडे जाते. मी पेले भरत होतो आणि गंमत म्हणून मुसोंडांनी आपलं ठोके मोजणारं घड्याळ माझ्या हातात अडकवलं होतं. दुपारचे बारा वाजले आणि सिम्फुक्वेंच्या डोळ्यांदेखत खिडकीतली चौदा तारीख टुणकन पंधरा झाली. मामा, मी रात्रीचे सात लावले होते! तारीख मध्यरात्री बदलते. त्या घड्याळाच्या हिशेबाने आम्ही आंब्याखाली मध्यरात्री बसलो होतो. सिम्फुक्वेंनी तारखेकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या हातातलं घड्याळ कोकलायला लागलं.

"एकशे चाळीस!" मुसोंडा ओरडले. "अरे, उभ्या उभ्या कुठे पळत सुटलास? कुणाच्या पोरीचा बाप दिसला काय?" सगळे खो खो हसले, मालकही. त्या गोंधळात सिम्फुक्वेंनी मनगट टेबलाखाली नेलं, दोन बोटांनी काहीतरी फिरवलं आणि मला म्हणाले, "चल रे, नळावर हातावर पाणी घाल."

नळावर त्यांनी विचारलं, "घड्याळ बंद पडलं होतं ना?"

"नाही बा."

"मग आत्ता मध्यरात्र आहे?"

"हो बा." (भीतीने माणूस काय म्हणेल सांगता येत नाही.)

"गाढवा," ते म्हणाले, "कटोंगोचा हात गेलाय हे आम्हाला पेरणीपासून माहीत आहे. पूर्वी ज्याचं त्याने हातात चढवायचं, आता शेजाऱ्याने शेजाऱ्याला पट्टा बांधायचा, हा नियम काय आम्हाला लाड सुचले म्हणून काढला? एका हाताने पट्टा लागत नाही. पण आम्हाला कळलंय हे त्याला कळता कामा नये. लाजेने यायचा बंद होईल, आणि तो घरात बसला की मुलगा गाडी घेऊन हजर. तोंड उघडलंस तर तुला भोंग्यात घालून वाजवीन."

म्हणजे मालकांचं गुपित मित्रांपासून लपवायचं आणि मित्रांचं मालकांपासून. आणि मी झोपेत बोलतो, हे तुमच्या घरात कोण विसरलंय? काल मी तोंडात फडकं धरून झोपलो. एवढं भिऊन जगणं माझ्याच्याने होणार नाही, मी बुधवारच्या बसने परत येतो. माझी खोली झाडून ठेवा.

आपला घाबरलेला भाचा,
वेझी लुहांगा

ता. क. खोली झाडू नका. मी गेलो तर इथे हात कोण हलवणार? खरं काम असं की बैलाचा मेलेला पाय तुम्ही ज्या तेलाने चालता केलात, त्याची एक बाटली बसवाल्याबरोबर पाठवा. माणसाला किती वेळा चोळायचं तेही लिहा. कुणासाठी ते विचारू नका. बाटलीवर 'सायकलचं तेल' असं लिहा.

ता. क. दुसरा. मामा, घात झाला. माझं अक्षर पोस्टाला लागत नाही म्हणून पाकिटावर पत्ता घालायला मालकांकडे दिलं आणि ते चिकटवायला विसरलो. त्यांनी चष्मा लावून 'तीर्थरूप'पासून सगळं वाचलं. मी एक पाय दाराबाहेर ठेवून उभा होतो. कोंबड्यांपाशी ते हसले. नळापाशी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पाच म्हातारे एका शनिवारी अचानक एकमेकांचे पट्टे बांधायला लागतात आणि मला कळणार नाही? हात गेलाय माझा, डोकं नाही. पण मला माहीत आहे हे त्यांना सांगू नकोस. सिम्फुक्वेला जन्मात पहिल्यांदा काहीतरी चांगलं सुचलंय, बिचारा हिरमुसेल." तर पुढच्या शनिवारी ते पट्टा बांधतील तेव्हा मालक नेहमीसारखे आंब्याकडे बघत बसणार आहेत आणि मी पेल्यांकडे. तेल मात्र मोठ्या बाटलीत पाठवा, असं मालक स्वतः सांगतायत.