चारी बाजूंनी पंचेचाळीस फूट

४ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझ्या नियोजन कार्यालयाची नोटीस मिळाली. घरगुती पवनचक्क्यांसाठी नवे नियम येणार, जुन्यांनाही ते लागू होणार, हरकत असेल तर वीस तारखेपर्यंत कळवा, असं त्यात लिहिलंय. मला हरकत आहे, आणि ती आधी तुलाच कळवते, कारण सोबतची आकृती तुझ्या हातची आहे. नाही म्हणू नकोस. त्या घराला मागच्या दारी तुटकी पायरी आहे आणि कुंपणापलीकडे पाण्याची टाकी. सरकारी आकृतीत तुटकी पायरी कोण काढतं? ती माझी पायरी आहे.

खांबाच्या उंचीच्या दीडपट जागा चारी बाजूंनी मोकळी हवी म्हणे. माझा खांब तीस फुटांचा, म्हणजे पंचेचाळीस फूट. आवारच मुळी पस्तीस फूट रुंद आहे. माझं घर पाडलं, शेजारच्या कंपाउंडरकाकांचं पाडलं, की माझी पवनचक्की नियमात बसेल. मग तिचा दिवा कुणाच्या घरात लावायचा, तेवढं तुझ्या साहेबांना विचारून कळव.

दुपारची वीज रोज जाते. गुडघा गेल्यापासून मला पायाने शिलाई मशीन चालवता येत नाही. मोटर चालते ती ह्यांनी लेथवर घडवलेल्या चक्कीने भरलेल्या बॅटरीवर. शाळेचे गणवेश माझ्याकडे येतात ते वेळेवर देते म्हणून. चक्की उतरली की काम गेलं, आणि मी तुझ्याकडे येऊन राहणार नाही. नियम करणाऱ्याने एकदा तरी खांबाखाली उभं राहून वर बघावं. तू तर उभा राहिला आहेस, म्हणून जास्त चीड येते.

जेवण वेळेवर घेत जा. रागाखाली माया आहे, ती ओळखून असावे.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पायरी काढली हे मला तुझं पत्र वाचूनच कळलं. हात आपोआप गेला असणार. दीडपट हा आकडाही माझाच. खांब पडला तर किती लांब जातो, असं साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, दीडपट धरा. का, ते कुणी विचारलं नाही.

तुला आता सांगतो. मी नोकरीला लागायच्या आदल्या वर्षी, तेल द्यायला खांब उतरवताना तो काकांच्या टाकीवर पडला. दाजींनी सगळ्यांना सांगितलं की दोरी त्यांच्या हातून सुटली. ती माझ्या हातून सुटली होती. टाकीजवळ काकू कपडे वाळत घालत होत्या, थोडक्यात वाचल्या. दाजींनी मला गप्प बसायला सांगितलं आणि मी बसलो. अजूनही उंच खांब दिसला की त्याखाली कोण आहे ते मी आधी बघतो.

तुझा राग रास्त आहे. तरी लोभ आटू देऊ नये.

तुझा धाकटा

१३ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

दोरी कुणाची सुटली हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझे तळवे सोललेले होते, ह्यांचे नव्हते. मला वाटलं, आज ना उद्या सांगशील. इतकी वर्षं मनात ठेवलंस आणि बोललास ते सरकारी नोटिशीतून, तेही गावातल्या सगळ्या खांबांना शिक्षा देऊन.

तीस फुटांचा खांब पडला तर पात्यांसकट बत्तीस-तेहेतीस फूट जातो. वरचे बारा फूट तुझ्या भीतीचे आहेत. ते तुझे तू सांभाळ, माझ्या आवारात मोजू नकोस. त्यानंतर ह्यांनी खांबाच्या बुडाची बिजागरी फिरवली, चारी बाजूंना ताणाच्या तारा बसवल्या. आता खांब मागच्या लांब अंगणातच उतरतो. तो कुठे उतरतो, तारा किती, शेवटचा कधी तपासला, हे नियमात का विचारत नाही? ज्यांची टाकी फुटली ते कंपाउंडरकाका माझ्या हरकतीवर सही करून गेले. त्यांचा रेडिओ माझ्याच तारेवर चालतो, पण ते आम्ही लिहिलेलं नाही.

तूही हरकत दे, स्वतःच्या नावाने. आणि रविवारी ये. हे गेल्यापासून खांब उतरवलेला नाही, दुसरा माणूस लागतो.

सोबत हातमोजे पाठवते आहे. त्या दिवशी तुझ्या हातात ह्यांचे होते, दोन बोटं मोठे. ते हातांतून निसटले आणि दोरीला अडकून काकांच्या अंगणात गेले, ते मीच उचलून आणले. हे तुझ्या मापाचे आहेत, जाड ताडपत्रीचे. शिवताना दोन सुया मोडल्या.

पत्राऐवजी आता स्वतःच यावे.

तुझी ताई

१७ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

हरकत दिली. ज्या खिडकीत मी बसतो, तिच्याच बाहेर रांगेत उभा राहिलो. साहेब संतापले. आपल्याच मसुद्यावर हरकत घेणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. कारण विचारलं, तेव्हा दोरीचं सांगितलं. ते म्हणाले, हे लेखी नको. मी म्हणालो, लिहून झालंय.

ते ऐकतील असं वाटत नाही. सुनावणी चोवीसला आहे आणि मला दुसऱ्या विभागात पाठवायचं बोलणं चालू आहे. पण आता खांबाची उतरण्याची दिशा दाखवणारी नवी आकृती हरकतीला जोडली आहे. पायरी तुटकीच ठेवलीय. रविवारी पहिल्या गाडीने येतो, बरोबर थोडं सिमेंट आणतो.

हातमोजे घालून पाहिले. बरोबर बसतात.

तुझा धाकटा