चोवीस तासांची चाचणी

३ फेब्रुवारी, सोमवार

सफाक्सला आलो एकदाचा. आमचं गाव गाबेस सोडताना हयातने, माझ्या बायकोने, बजावलं होतं की इथली माणसं चहातले बदामसुद्धा मोजून टाकतात. पण शिवणकारखान्याच्या खानावळीत मबरुकामावशींनी माझ्या लब्लाबीच्या, म्हणजे चण्याच्या रश्शाच्या, वाडग्यात न विचारता दुसरं अंडं फोडलं. हयातला कळवायला हवं.

काम माझ्या आवडीचं. तीन मजले, शिवणाऱ्या दोनशे बायका आणि आग लागली की घंटा वाजवणारं एक पॅनेल. ते दुसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाच्या खोलीत आहे. खाली दोन बॅटऱ्या. वीज असेपर्यंत चार्जर त्या भरत राहतो; वीज गेली की त्यांनी चोवीस तास पॅनेल जागतं ठेवायचं. माझ्याआधी हे काम बघणारा हेदीकाका आता फाटकावर रखवालदार आहे. त्याने पेटी उघडली आणि मला हसूच आलं. चार्जरचा फ्यूज उडालेला आणि त्यावर सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळलेला. मी तो त्याच्यादेखत कचऱ्यात टाकला आणि पिशवीतला एकुलता एक नवा बसवला. म्हातारा म्हणाला, "गाबेसवाल्या, तुमच्या गावची मेंदी विकायची सोडून वायरी कशाला धरल्यास?"

म्हटलं, मेंदीत भेसळ चालते, यात नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

वही वाचली. दर तीन महिन्यांनी मुद्दाम वीज तोडून बॅटऱ्या चोवीस तास टिकतात का ते पाहायचं असतं. सहा वर्षांच्या चोवीस नोंदी आहेत आणि चोवीसही वेळा शेवटचा आकडा २४.६ व्होल्ट. एकच शाई. बॅटरी आहे की संगमरवराची पायरी, की झिजतच नाही? या माणसाने एकदाही चाचणी घेतलेली नाही, पैजेवर सांगतो.

आणखी एक. बॅटऱ्यांवरून अर्धा अँपिअर जादा जातोय. नकाशात नसलेल्या दोन लाल वायरी भिंतीत शिरतात. काकाला विचारलं तर तो बुटाची नाडी बांधू लागला. बूट बिननाडीचे होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

माझी लेक नौरेस आजपासून इथेच शिवायला लागली. एकोणीस वर्षांची पोर, पहिली नोकरी, सकाळपासून गात होती. तिची शिलाई मशीन दुसऱ्या मजल्यावर, जिन्याजवळच्या बंद दाराला लागून.

लाल वायरी त्याच दारावर पोचतात. वर चुंबकी कुलूप आहे. वीज मिळते तोवर दार धरून ठेवायचं, वीज संपली की सोडायचं. मुन्सिफसाहेब, आमचे व्यवस्थापक, म्हणतात की ती जुनी इस्त्रीची खोली, आत टाकाऊ कापडाचे गठ्ठे. टाकाऊ कापडाला बॅटरीवर कुलूप? माझ्या मते चोरीचा माल आहे, आणि काका त्यात सामील आहे.

नौरेस म्हणते, दार हाताला गरम लागतं. आत कोणीतरी इस्त्री करत असल्यासारखा वाफेचा वास येतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांनी वही पुढे केली. तारीख, २४.६, फक्त माझी सही बाकी. मी केली नाही. दोनशे बायकांचा जीव त्या सहीवर, आणि आता त्यात माझी पोर आहे.

मबरुकामावशींनी भांडी घासता घासता सगळं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी त्या खोलीत आग लागली. पाच मुली आत होत्या. कापड चोरीला जातं म्हणून दाराला कुलूप. घंटा वाजली की ते सुटायला हवं होतं. साहेबांच्या सांगण्यावरून हेदीने ते सरळ बॅटरीला जोडलेलं. वीज गेली, घंटा वाजली, कुलूप मात्र हललं नाही.

मावशी म्हणाल्या, "बॅटरी चांगली होती रे बाबा. शेवटपर्यंत चांगली होती."

पाच मुली. नौरेसच्याच वयाच्या. रात्रीचं जेवण गेलं नाही.

पण पुढे त्या म्हणाल्या की मुली अजून दार ठोठावतात, म्हणून हेदी बॅटरी मरू देत नाही. इथे मला शंका आली. माल लपवायला भुतासारखा पहारेकरी नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वायर कापली तर साहेब म्हणतील, मोडतोड केली. चाचणी घेतली तर जादा ओझ्याने बॅटरी संपेल, कुलूप आपोआप सुटेल आणि कोणी बोट दाखवू शकणार नाही. उद्या कारखाना बंद. दुपारी चारला वीज तोडली. २५.४.

काकाला कळलं. तो ओरडला नाही. दोन्ही हातांनी माझी बाही धरली आणि म्हणाला, "वही खोटी असू दे, बेटा. बॅटरी मरू देऊ नकोस."

मला ते नाटक वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ९. २३.१. फाटकावर काका नाही.

१०.१५. २२.२. बोळात ठकठक. पाइप असतील.

१०.४०. २१.७. पाइप नाहीत. दाराला कान लावला. ठकठक थांबली. आतूनही कोणीतरी कान लावल्यासारखी.

दार गरम आहे. कान भाजला.

११.०५. पुरे झालं. वीज जोडली. रिकाम्या बॅटऱ्यांनी एकदम ओढ घेतली आणि चार्जरचा फ्यूज उडाला. दुसरा नाही. नौरेसला फोन केला, बाजारातून फ्यूज घेऊन धावत ये. ती हसली, म्हणाली, बाबा, घाबरलात की काय.

हो. घाबरलोय.

११.३०. २०.३. पॅनेलच्या खोलीला आतून कडी लावली. ठकठक सतत.

११.४०. १९.४. नौरेस नाही अजून. तिला त्याच जिन्याने यावं लागेल— हे आधी का नाही—

फोन उचलत नाही.

११.४४. खट्. कुलूप सुटलं. ठकठक बंद.

पावलं. हलकी. बरीच.

कडीला हात लावायचं धाडस होत नाही. खिशात सिगारेटचं पाकीट— चांदी— फ्यूजवर गुंडाळली. बसला. दिवा लागला. २७.३. कुलपाने दार ओढून धरलं, आवाज ऐकला. देवाची कृपा.

११.५२. शांत.

११.५३. पुन्हा ठकठक. कुलपाच्या दाराआतून. मोजली. पाच एका लयीत. सहावी वेगळी, घाईची—

"बाबा, मी आहे. उघडा ना. या म्हणतात, बॅटरी चांगली आहे."

पक्कड. लाल वायर. कापतो. सगळ्या बाहेर आल्या तरी—