शिडीवरची बकरी

४ जून

ती. आत्यास,
भुंग्याचा शि. सा. न. वि. वि.

काल दुपारी पोचलो. प्रवासात गुडघा आखडला, बाकी ठीक. निघताना तुझी शेजारीण ठाण मांडून बसली होती, त्यामुळे तुझ्याकडे ठेवायला दिलेल्या पाकिटाबद्दल धड बोलता आलं नाही. मी सारखा तिच्याकडे बघत होतो आणि तिला वाटलं मला चहा हवाय.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तू म्हणशील. या विषयावर फोनवर चकार शब्द काढायचा नाही असं मी ठरवलंय. आमच्या कंपनीतल्या वेल्डरने माझ्यासारखीच इंटरनेटवरची नाणी घेतली होती. त्या नाण्यांच्या किल्लीचे बारा शब्द विसरायला नकोत म्हणून त्याने फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवला. कुणीतरी लांबून त्याच्या फोनात शिरलं आणि एका दुपारात सगळं साफ केलं. माणूस अजून जेवणाच्या सुट्टीत एकटा बसतो. तेव्हापासून मला फोन हातात घेतला तरी धास्ती वाटते.

तू विचारलंस की नाणी नक्की असतात कुठे. ती कुठे ठेवलेली नसतात. जगभरच्या संगणकांवर एकच मोठी नोंद असते, माझ्याकडे फक्त तिच्यातल्या माझ्या हिश्शाची किल्ली. ती किल्ली अंगठ्याएवढ्या एका यंत्रात आहे. ते इंटरनेटपासून तोडलेलं असतं, म्हणून चोराचा हात पोचत नाही. यंत्र हरवलं किंवा बिघडलं तर ते बारा इंग्रजी शब्द नव्या यंत्रात घालायचे, की किल्ली परत तयार. म्हणजे ज्याच्या हाती शब्द, त्याची नाणी. एक प्रत माझ्या घरी आहे, दुसरी तुझ्याकडे. एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या सुट्या कापून दोऱ्यात ओवल्या, त्यांवर आकडेबिकडे मुद्दाम घातले नाहीत. फोटो नको, कुणाला सांगणं नको, पत्रात लिहिणं तर अजिबात नको.

सहा वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरून आणि वर मशीनरूमपर्यंत चढून जे उरलं ते सगळं त्यात आहे. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षीपासून शिडी बंद. जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं, रिवाइंडिंगचं, ते कोपऱ्यावरचं दुकान मला विकत घ्यायचंय; ते बसून करण्याचं काम आहे. मालक सप्टेंबरअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय. ते गेलं तर मी काय करणार, हे मला खरंच माहीत नाही.

हिचा नमस्कार. लोभ आहेच, तो तेवढा कुलपात ठेवू नये.

तुझा
भुंगा


११ जून

चि. भुंग्यास,
आत्याचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर बघून पोस्टमनला दोनदा विचारलं की हे माझंच ना. फोन आल्यापासून या घरात विजेच्या बिलाखेरीज कागद आलेला नाही. तुझ्या त्या चोरांचे माझ्यावर उपकारच झाले म्हणायचे.

लहानपणी सारखा गुणगुणत हिंडायचास म्हणून तुझं नाव भुंगा ठेवलं, आणि तू तो माझ्याच डोक्याला लावून दिलास. पाकीट आधी कपाटात ठेवलं, मग गादीखाली, मग पिठाच्या डब्यामागे. वाण्याचा माणूस दाराशी आला तरी माझं लक्ष डब्याकडे. बत्तीस वर्षं ग्रंथालयात काढली, हजारो पुस्तकं सांभाळली, एवढी धाकधूक कधी झाली नव्हती.

शेवटी म्हटलं, डोक्यापेक्षा सुरक्षित जागा नाही. दोऱ्यात एकामागून एक होत्या तशा चिठ्ठ्या वाचल्या आणि गोष्ट करून टाकली. ऐक. छत्री घेतलेली बकरी शिडी चढली. वर लिंबू ठेवलेलं होतं. ते तिने खाल्लं म्हणून न्यायाधीश चिडला आणि त्याने चमचा फेकून मारला. तो लागला आरशाला. आरशामागचा कोळी घाबरून ढोलात पडला, ढोल गडगडत पुलावर गेला, पुलाखाली सगळा बर्फ, आणि बर्फावर कुणाची तरी टोपी. झाले बारा. इंग्रजी शब्द एकही लिहिलेला नाही, तेव्हा ओरडू नकोस. सत्तराव्या वर्षी पाठांतर जमतंय याचं मलाच कौतुक वाटलं.

गुडघ्याला शेक घे. सूनबाईला म्हणावं, याला चार दिवस घरी बसव. आशीर्वाद आहेतच, झोप मात्र तुझी तुलाच घ्यावी लागेल.

तुझी
आत्या


१७ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे तू काय करून बसलीस? मराठीत लिहिलंस म्हणून काय झालं, ज्याला या नाण्यांमधलं कळतं त्याला ती गोष्ट वाचून काय आहे ते ताबडतोब समजेल. पत्र किती हातांतून येतं याचा विचार तरी करायचा होतास. पाकिटाची एक कड सुटलेली होती. पोस्टातच सुटली असेल, पण मी दोन दिवस नीट जेवलेलो नाही. हिने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

तुझं पत्र गॅसवर धरून जाळलं आणि राख बेसिनमध्ये सोडली. तूही ती गोष्ट डोक्यातून काढून टाक. कुणाला गंमत म्हणूनसुद्धा सांगू नकोस. तुझ्या त्या शेजारणीला तर मुळीच नाही.

घरी रंगारी येणार आहेत. चार अनोळखी माणसं, सगळी कपाटं भिंतीपासून सरकवणार. माझी प्रत मी घड्याळामागून काढून बुटांच्या खोक्यात ठेवली, तिथून शिवणाच्या डब्यात. कुठेच ठीक वाटत नाही. यंत्राचा पिनही बदलला, या महिन्यात तिसऱ्यांदा. वेल्डर म्हणतो, सगळी रक्कम ठेवण्याआधी यंत्र मुद्दाम पुसून शब्दांवरून परत उभं करून बघायला हवं होतं. मी ते केलं नाही. पुसायला हात धजला नाही.

रागावू नकोस. माझ्या जिवाला स्वस्थता नाही. कृपा असू द्यावी, आणि पत्रात हवापाण्याचं लिहावं.

भुंगा


२६ जून

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

हवा बरी आहे. पाणी दोन वेळा येतं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे विसरायचं मनावर घेतलं आहे. बकरी आठवली की मी सतराचा पाढा म्हणते. परवा अर्ध्या वाटेत अडले तेव्हा बकरीही अडली होती, म्हणजे गुण येतो आहे. माझं पत्र जाळलंस हे योग्यच केलंस. नियम तो नियम. खूप वर्षांनी लिहिलं होतं एवढंच.

चिठ्ठ्यांची काळजी करू नकोस. पिठाचा वास लागेल म्हणून तिथून काढल्या. ग्रंथालयाने मोडीत काढलेला तो कार्डांचा लाकडी खण माझ्याकडे आहे ना, त्यात त्या व्यवस्थित लावून ठेवल्या आहेत. पुढे मागे जुनी कार्डं, कुणाला शंका यायची नाही. माझ्या हातची व्यवस्था आहे, तिथे आजवर कुणाला चूक सापडलेली नाही.

जप. राग गेला की लिही.

आत्या


९ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पावणेतीन महिने लिहिलं नाही. लाज वाटत होती आणि आता त्याहून वाईट कारण घेऊन लिहितो आहे.

परवा दुकानाच्या मालकाने विसार मागितला. जेवणाच्या सुट्टीत मशीनरूममध्ये यंत्र काढलं. पिन टाकला, चूक. आधीचा टाकला, चूक. घाईने त्याच्याही आधीचा टाकला, तोही चुकला. तीन चुकांनंतर हे यंत्र स्वतःला कोरं करतं, चोरापासून वाचावं म्हणून. ते माझ्यापासून वाचलं. पाटीसारखं कोरं झालं.

आणि माझी प्रत नाही. रंगारी आले त्या सकाळी, दोन प्रतींपेक्षा एक बरी, ती आत्याकडे पक्की आहे, असं म्हणून मी ती फाडून टाकली. हिला हे काल सांगितलं. ती माझ्यासमोर येऊन बसली.

आता सगळं तुझ्या त्या खणात आहे. पोस्टाने पाठवू नकोस. गुडघ्याला पट्टा बांधलाय, मला प्रवास मना आहे, म्हणून रविवारी हीच येईल. एक सांगायचं राहून गेलं होतं. जितके शब्द महत्त्वाचे तितकाच त्यांचा क्रम. एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी किल्ली लागत नाही. दोऱ्यात ओवल्या आहेत तशाच दे, गाठ सोडू नकोस. मला पहिले दोनसुद्धा आता खात्रीने आठवत नाहीत.

जूनमध्ये तुला जे बोललो ते मनात ठेवू नये. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

भुंगा


१४ सप्टेंबर

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

हे पत्र सूनबाईच्या हाती देते आहे. तिच्या पर्समध्ये बारा चिठ्ठ्याही आहेत. तिला मी सगळं सांगितलं आहे, आता तुला सांगते.

दोरा मी जूनमध्येच सोडला. खणात ठेवायला बसले आणि हात आपोआप चालले. चिठ्ठ्या वर्णक्रमाने लावल्या, इंग्रजी, काटेकोर. पूल सगळ्यात पुढे, छत्री सगळ्यात मागे. बत्तीस वर्षं विस्कटलेली कार्डं दिसली की हेच केलं. मला वाटलं, तू घाईत कशाही ओवल्यास आणि मी तुझं काम नीट करते आहे. केवढा अभिमान वाटला होता म्हणून सांगू.

तुझं पत्र आल्यापासून गोष्ट आठवते आहे. बकरी शिडी चढते इथपर्यंत येते. न्यायाधीश चिडलेला दिसतो, पण तो लिंबावर की ढोलावर, ते लागत नाही. कोळी कधी आधी येतो, कधी नंतर. तू विसर म्हणालास आणि मी अगदी मन लावून विसरले. पाढा म्हटला की आता सगळा येतो, त्याचा काही उपयोग नाही.

सूनबाई म्हणाली, शब्द हातात आहेत तर संगणकवाला कुणीतरी सगळ्या मांडण्या करून बघू शकेल. पण मग ते बारा शब्द एका परक्याच्या संगणकात घालावे लागतील, आणि वेल्डरचं काय झालं ते तूच मला लिहिलं होतंस. ते तुम्ही दोघं ठरवा.

तुझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास आणि मी म्हटलं होतं, याचं काही हरवू द्यायचं नाही. तुझं सगळ्यात मोठं काही तू माझ्याकडे ठेवायला दिलंस आणि मी ते नीटनेटकं करून घालवलं. मला माफ कर.

आत्या


१९ सप्टेंबर

ती. आत्यास,
बालक भुंग्याचा शि. सा. न. वि. वि.

आधी एक कबुली. जूनमध्ये मी तुला खोटं लिहिलं होतं.

गॅस पेटवला होता हे खरं. तुझं पत्र ज्योतीवर धरलं हेही खरं. पहिल्या पानाचा खालचा कोपरा काळा झाला आणि मी तो बोटांनीच विझवला, बोट भाजलं. वर तुझ्या अक्षरात ‘चि. भुंग्यास’ होतं. माझ्या शाळेच्या वह्यांवर पाच वर्षं नाव घातलंस ते हेच अक्षर. ते जाळायचं माझ्याच्याने झालं नाही. तुला मात्र ऐटीत लिहिलं की जाळलं, कारण तुला धाक दाखवायचा होता. पत्र घडी करून हत्यारांच्या पिशवीत, फ्यूजच्या पत्र्याच्या डब्यात, सगळ्यात तळाशी ठेवलं. तिन्ही महिने ते माझ्याबरोबर लिफ्टच्या खड्ड्यात उतरत होतं आणि वर चढत होतं. मग नंतर खरंच मनातून गेलं, इतका मी भलत्याच गोष्टींच्या मागे होतो.

ही चिठ्ठ्या घेऊन आली. तुझं पत्र वाचलं आणि मी उठून पिशवी पालथी केली. फ्यूज जमिनीवर पसरले. हिला वाटलं मला वेड लागलं. मग आम्ही स्वयंपाकघरात बसलो. ही तुझी गोष्ट वाचत गेली, मी चिठ्ठ्या मांडत गेलो. छत्री, बकरी, शिडी. न्यायाधीश लिंबावरच चिडला होता. टोपी अर्धी जळाली होती, नुसता ‘टो’ उरला होता, पण तोवर एकच चिठ्ठी शिल्लक होती. यंत्रात बारा शब्द घातले. ते बराच वेळ विचार करत राहिलं. मग सगळं जिथल्या तिथे दिसलं. ही ओट्याला टेकून रडली, आणि मीही रडलो.

काल दुकानाचा विसार दिला आणि मालकाने एक किल्ली हातात ठेवली.

तू स्वतःची चूक काढू नकोस. क्रमाचं मी सांगितलंच नव्हतं, आकडे मी घातले नव्हते, माझी प्रत मी फाडली. मी सांगितलं ते एकूण एक तू केलंस, विसरण्यासकट. तुला पाठ होतं ते सोडायला लावलं याचं मला फार वाईट वाटतं.

वेल्डर म्हणाला, जे शब्द एकदा पत्रात उतरले ते निकामी समजायचे. म्हणून काल यंत्रावर नवे शब्द काढले. आधी थोडी नाणी टाकली, यंत्र मुद्दाम पुसलं, शब्दांवरून परत उभं केलं, आणि मगच बाकीची नाणी तिकडे हलवली. नवी प्रत घेऊन ही पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येईल. या खेपेला चिठ्ठ्यांवर एक ते बारा आकडे घातले आहेत. तुझ्या खणात हव्या तशा लाव.

त्या जुन्या बारा शब्दांनी आता काहीच उघडत नाही. तुझं ते पत्र कुणी वाचलं तरी हरकत नाही, कुठे लपवायची गरज नाही. फ्यूजच्या डब्यातून काढून मी ते दुकानाच्या किल्लीजवळ ठेवलं आहे. आता ते नुसतं तुझं पत्र आहे.

टोपी कुणाची होती ते मात्र पुढच्या पत्रात लिहावं. लोभ होता तसाच, त्याच क्रमाने असू द्यावा.

तुझा
भुंगा