भांडं ब्रोनाला, मुसळी अट्रॅक्टाला

मी, फेलिम गॅव्हिगन, वय वर्षे सत्तावन्न, व्यवसाय साप्ताहिकाची वार्ताहरी, राहणार बॅलिनाहोन, काउंटी रॉसकॉमन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना, सर्वप्रथम एक तक्रार नोंदवून ठेवतो. गावातल्या हॉटेलात हल्ली कोलकॅनन आइस्क्रीमच्या डावाने वाढतात. बशीत तीन वाटोळे गोळे येतात आणि शेजारी कागदात गुंडाळलेली लोण्याची वडी. कुटलेल्या बटाट्यात कोबी मिसळला म्हणजे कोलकॅनन झालं, असा हॉटेलवाल्यांचा समज आहे. त्याला मध्ये खळगा पाडायचा असतो, खळग्यात लोण्याचं तळं साठवायचं असतं आणि काठाकडून एकेक घास त्या तळ्यात बुडवत आत सरकायचं असतं. गोळ्याला खळगा पाडू गेलं की गोळा बशीबाहेर पळतो. या अनाचाराविषयी मी संपादकांना दोन पत्रं दिली. त्यांनी ती ‘पशुखाद्य’ या सदरात छापली. माझ्या चित्ताच्या स्थैर्याबद्दल उद्या कोणी शंका काढलीच, तर हा परिच्छेद न्यायालयात पुरावा म्हणून वाचावा.

मृत्युपत्र मी यापूर्वी केलेलं नाही. निमित्त आत्ता घडलं. येत्या एकोणतीस तारखेला डब्लिनला माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, “जुनी गळते आहे.” मी म्हटलं, “आमचं छप्परही गळतं, तेही जमेल का?” ते हसले नाहीत. म्हणून हा कागद.

कलम १. बॅलिनाहोनचं घर, मागचं अर्ध्या एकराचं परसू, पतपेढीतली शिल्लक आणि मी आजवर लिहिलेल्या मृत्युवार्तांच्या कात्रणांचे अकरा खोके पत्नी ब्रोना हिला, यावच्चंद्रदिवाकरौ. खोके जाळले तरी चालतील. आम्हांला मूलबाळ नाही, तेव्हा या कलमाला कोणी हरकत घेण्याचा प्रश्न येत नाही.

कलम २. कॉलेजात मी दोन वर्षं संस्कृत शिकलो. वडिलांनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, “त्याने गाय जास्त दूध देते का रे?” ते व्याकरण आणि तो कोश मला आमच्या पॅरिशचे फादर कोलमन टाफ यांना द्यायचे होते. पण फादर या दस्ताचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असा कायदा आहे. हे कळल्यावर फादर म्हणाले, “सुटलो.” सबब दोन्ही ग्रंथ काउंटीच्या ग्रंथालयाला.

कलम ३. परसातल्या केर्स पिंक बटाट्यांच्या सहा ओळी आणि ते खणायचा काटा थोरली बहीण अट्रॅक्टा हिला. सूचना तिला नको आहेत, तरी देतो. बटाटे सालीसकट उकडावेत. साल तडकून आतलं पीठ डोकावलं की उतरवावेत आणि गरम असतानाच सोलावेत. बोटं भाजत नसतील तर उशीर झाला आहे असं समजावं. पातीचा कांदा दुधात घालून दूध तापवावं. थंड दूध ओतणाऱ्याला या घरात थारा नाही.

कलम ४. आजीचं तीन पायांचं बिडाचं भांडं ब्रोनाला. बटाटे कुटायची आजीची लाकडी मुसळी अट्रॅक्टाला.

ही वाटणी वकीलबाई डर्व्हला गिलराय यांना अजिबात रुचली नाही.

“अहो, भांडं एकीला नि मुसळी दुसरीला? मग कोलकॅनन होणार कसं?”

“एकीने दुसरीचं दार वाजवलं की होईल.”

“दुकानात नवी मुसळी मिळते, फेलिम.”

“आणा. आणि अट्रॅक्टाच्या देखत वापरून दाखवा.”

वकीलबाईंनी कलम तसंच ठेवलं.

कलम ५. या वाटणीमागचं कारण दस्तात असावं म्हणून लिहितो. ब्रोना डोनेगलची. तिच्या माहेरी कोलकॅननमध्ये केल घालतात, ती काळपट कुरळी पानं. अट्रॅक्टाच्या मते केल गुरांचा; माणसांसाठी देवाने कोबी निर्माण केला. या शाकभेदावर तोडगा म्हणून दरवर्षी एकतीस ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, आमच्या एकाच भांड्यात दोन पंथ नांदतात. डावीकडे कोबी, उजवीकडे केल, आणि मधे मी, मुसळी घेऊन, देहलीदीपन्यायाने दोन्हीकडे उजेड पाडत. अट्रॅक्टा चारच्या ठोक्याला एप्रन बांधूनच येते, काखेत कोबी. एकही वर्ष चुकलेलं नाही. फक्त त्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.

“फेलिम, तुझ्या बायकोला सांग, दूध तापलं नाही अजून.”

“फेलिम, तुझ्या बहिणीला सांग, बोट घालून बघ म्हणावं.”

“तिला सांग, घातलं होतं. म्हणूनच बोलतेय.”

दोघींमधलं अंतर सव्वा हात. मी प्रत्येक वाक्य शब्दही न बदलता, वार्ताहराच्या सचोटीने पोचवतो. चोवीस वर्षं झाली.

वैर म्हणावं तर तसंही नाही. ब्रोनाची आई गेली तेव्हा मी फ्लूने आडवा होतो. अट्रॅक्टा पहाटे गाडी घेऊन दारात उभी राहिली. डोनेगलपर्यंतच्या तीन तासांत दोघी चकार शब्द बोलल्या नाहीत. पण वाटेत अट्रॅक्टाने दोनदा चहा घेतला आणि दोन्ही वेळा ब्रोनाच्या कपात न विचारता दोन चमचे साखर घातली. हे मला ब्रोनाने सांगितलं. सांगून झाल्यावर ती बराच वेळ भांडी घासत होती. ती आधीच घासलेली होती.

कलम ६. कबुलीजबाब. एकतीस ऑक्टोबर १९९०. ब्रोना आमच्याकडे पहिल्यांदा आली होती. आमचं लग्न पुढच्या जानेवारीत व्हायचं होतं. अट्रॅक्टाच्या शेजारी जार्लथ हेशन हा गुरांचा व्यापारी बसला होता. आठ महिने तो दर रविवारी चहाला येत होता, आणि आता तोंड उघडायचं तेवढं बाकी राहिलं होतं. भांड्यात नेहमीप्रमाणे कागदात गुंडाळून वस्तू पुरायच्या होत्या. ज्याच्या बशीत अंगठी येईल त्याचं वर्षाच्या आत लग्न. शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान आलं तर ती बाई बिनलग्नाची राहणार, बटण आलं तर तो पुरुष. पुरायचं काम माझं. अट्रॅक्टाने मला फडताळामागे ओढून बजावलं, “अंगठी भांड्याच्या माझ्या बाजूच्या कानाखाली. कळलं? घोळ घातलास तर तुझ्या लग्नात रडेन मी. मोठ्याने.”

मी बरोबर जागी पुरली. वाढायचा मान पाहुणीचा, म्हणून ब्रोनाने वाढलं. अंगठी फादर टाफांच्या दाताखाली आली. ते तेव्हा तरुण होते, पॅरिशमध्ये नवे. त्यांनी ती तोंडातून काढली, पुसली, बशीच्या काठावर ठेवली आणि म्हणाले, “बिशपांना कोणी कळवू नये.” आम्ही सगळे हसलो. मग जार्लथच्या बशीत बटण निघालं आणि अट्रॅक्टाच्या बशीत अंगुस्तान. जार्लथ हा शेतातल्या एकट्या काटेझाडाला वळसा घालून ट्रॅक्टर नेणारा माणूस. झाडाखाली राहणाऱ्या पऱ्यांना राग येतो म्हणून त्याची फांदीही तोडत नसे. बटणाकडे तो बघत राहिला आणि चहाला न थांबता उठला. ईस्टरपर्यंत त्याचं दुसरीकडे जमलं.

“तुझ्या बायकोने भांडं फिरवलं,” अट्रॅक्टा म्हणाली. तेव्हापासून तेच म्हणते आहे.

मध्यंतरी मी तिला म्हटलं, “अगं, तो जार्लथ आता जेवताना गुरांच्या बाजारभावाखेरीज काही बोलत नाही म्हणे.”

“ठाऊक आहे. सुटले मी त्याच्यापासून. रोज देवाचे आभार मानते. पण म्हणून तिने भांडं फिरवलंच ना?”

भांडं मी फिरवलं. त्या दिवशी खळगा मध्यभागी न पडता पलीकडे पडला होता, लोण्याचं सगळं तळं तिकडे होतं आणि मला ते माझ्या बाजूला हवं होतं. सगळे प्रार्थनेला डोळे मिटून होते. मी दोन्ही कान धरून अर्धा फेरा दिला. अंगठी कुठे जाते आहे याचा विचार माझ्या मनाला शिवला नाही; लोण्याचा शिवला होता. त्या रात्री बहिणीच्या भीतीने बोललो नाही. नंतर लग्न होतं. नंतर इतका उशीर झाला होता की बोलणं हाच नवा गुन्हा ठरला असता. ब्रोनाने न केलेल्या गोष्टीचा आळ चोवीस वर्षं वागवला. दोघींचीही क्षमा मागतो.

कलम ७. सदर कलम ६ फादर टाफ यांनी येत्या एकतीस तारखेला, वाढण्यापूर्वी, दोघींसमोर मोठ्याने वाचावं. मी हयात असो वा नसो. फादरांनी मसुदा वाचून विचारलं, “हे मला चर्चमध्ये पापांची कबुली देताना का नाही रे सांगितलंस इतकी वर्षं?”

“तेव्हा सांगितलं असतं तर तुम्हांला ते कुणाला सांगता आलं नसतं, फादर.”

“आणि मृत्युपत्रात मला काही नाही म्हणतोस?”

“कायदाच तसा आहे.”

“मग आज जेवायला घाल.”

घातलं. केल आणि कोबी, दोन्ही बाजू. त्यांनी कोणतीही एक बाजू अधिक चांगली असल्याचं मान्य केलं नाही. याला धर्मसंस्थेचं शहाणपण म्हणतात.

कलम ८. एकतीस तारखेच्या संध्याकाळी देवाघरी गेलेल्यांसाठी खिडकीत एक वाडगा ठेवायची आपली रीत आहे. यंदा मी गेलेल्यांत असेन की डब्लिनला पथ्याचं सूप पीत असेन, ते आज सांगता येत नाही. वाडगा मात्र भरावा. लोण्यात हात आखडू नये. झडप नवीन असेल.

कलम ९. शस्त्रक्रिया बहुधा नीट होईल. डॉक्टर न हसणारे आहेत, म्हणजे काम चोख करत असावेत. पण जगलो तरी एकतीस तारखेला मी टेबलाशी नसेन, आणि न जगलो तर कधीच नसेन. ब्रोनाचं माहेर आता उरलेलं नाही. चोवीस वर्षांखाली ती डोनेगलहून निघाली. रॉसकॉमनमध्ये तिचं माझ्याखेरीज कोणी असेल तर ती अट्रॅक्टा. हे अट्रॅक्टाला कदाचित ठाऊक नाही. कलम ६ ऐकून ती माझ्यावर चिडली तर चालेल; चिडून ती घरी निघून गेली तर ब्रोना त्या भांड्यासमोर एकटी बसेल. तेवढीच एक काळजी मला आहे.

हा मजकूर मी स्वतः लिहिला, वकीलबाईंनी वाचला, आणि खालील दोघांसमक्ष मी त्यावर सही केली. त्या दोघांनी माझ्यासमक्ष केली.

सही: फेलिम गॅव्हिगन

साक्षीदार १: फादर कोलमन टाफ, पॅरिश निवास, बॅलिनाहोन
साक्षीदार २: डर्व्हला गिलराय, वकील, चर्च स्ट्रीट, बॅलिनाहोन

स्थळ: स्वयंपाकघर, बॅलिनाहोन
दिनांक: १६ ऑक्टोबर २०१४