मामाचे सहा हात

५ जानेवारी
वही आणून बारा दिवस झाले. लिहीन लिहीन म्हणत तिच्यावर चहाचा गिलास ठेवत राहिलो, पहिल्या पानावर गोल उमटलाय. आज बोटं इतकी गारठली की गळ धरवेना, म्हणून पेन धरला.
बोली अशी ठरलीय. संक्रांतीपर्यंत माझ्या गळाला एक रोहू लागला तर सुखदेवमामा मला त्यांच्या होडीवर घेणार. नाही लागला तर मेहकरला दादाच्या मोबाईलच्या दुकानात काचा चिकटवत बसायचं. मामा सख्खे नाहीत, आईच्या गावचे. पण या धरणाचं पाणी त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही.
मामा म्हणाले, "थंडीत मासा खाली बसते, भाच्या. खोली चुकली का दिवस गेला. सहा हात सोड."
गळापासून सहा हातांवर तरंगायला थर्माकोलचा तुकडा बांधला. काही नाही.

६ जाने.
काही नाही. मामांनी चार काढले.

७ जाने.
डोक्यात उजेड पडला! मामा बुटके, मी ताडमाड. माझा हात अन् त्यांचा हात एक कसा? बांधावर दोघांनी कोपराला कोपर लावून पाहिलं. माझा तीन-चार बोटं जास्त.
"हाव बे," मामा हसले, "तुहा हात म्हंजे बैलगाडीचं जू."
म्हणजे मामांचे सहा ते माझे पाच. पाचवर बांधलं. स्वतःवर लई खूश.
संध्याकाळपर्यंत एक काडी आली गळाला.

८ जाने.
लोणारची एसटी दिसली, चढलो. काम काही नव्हतं. सरोवराच्या काठावर तासभर बसलो. त्या खाऱ्या पाण्यात मासाच नाही. फार बरं वाटलं. येताना शेजारच्यानं बिबट्याची गोष्ट सांगितली, भारी होती, उद्या लिहितो.

१० जाने.
बिबट्या राहू दे.
मामा चहाले गेले होते. वारा सुटला, त्यांचा दोरा गुंतेल म्हणून ओढून घेतला. ओढतच राह्यलो. थर्माकोलपासून गळापर्यंत मोजलं. माझे नऊ हात. परत मोजलं. नऊच. म्हणजे मामांचे अकरा झाले.
आले तसं विचारलं, "मामा, हे किती हात हाय?"
बिडी पेटवली. मग म्हणाले, "तुह्या भावाचा फोन आल्ता. म्हने, त्याले काही लागू देऊ नका, कंटाळून येईन वापस."
"अन् तुमी ऐकलं?"
"तुह्या भल्याचंच हाय बे. होडीत काय ठेवलं?"
"अन् मी हाताले हात लावून मोजत होतो, तवा?"
"तवा मले लई हसू येऊन राह्यलं होतं."
एवढं एकच खरं बोलले.

११ जाने.
दादाला फोन लावला. मागं गिऱ्हाईक.
"दादा, काऊन असं केलं?"
"ते काळं कव्हर दाखव यांना... हं, बोल. जेवला का?"
मीच कापला.
पोहायला त्यानंच शिकवलं मला. विहिरीत, पोटाखाली हात धरून. पण हात काढायच्या आधी म्हणाला होता, "काढतो हं." 

१२ जाने.
पथारी उचलून पलीकडं आलो, जुनी सडक पाण्यात उतरते तिथं. दोऱ्याला दगड बांधला, हाताहाताला गाठ मारली, तळ काढला. बारा, माझ्या हातानं. सकाळी तळाच्या हातभर वर गळ ठेवायचा, ऊन तापलं की अजून हातभर वर घ्यायचा. कोणी सांगितलं नाही हे. दुपारी एक ओढ आली. सुटला.

१३ जाने.
भोगी. मामी एवढा फेरा मारून आल्या, बाजरीची भाकर अन् भाजी दगडावर ठेवून गेल्या. त्यांना माहीत होतं का? खाऊ नये म्हणलं. खाल्लं. 
मासा नाही.

१४ जाने., संक्रांत
लागला! साडेअकराला, दहा हातांवर. रोहू, दोन किलोच्या वरच असेल. ओरडलो तर ऐकायला एक बगळा, तोही उडाला. ओल्या पोत्यात गुंडाळलाय.
तासभर झाला, नुसता बसलोय. बोली पुरी झाली. पण ज्यानं फसवलं त्यालेच नेऊन दाखवायचा? त्याच्याच होडीत बसायचं, अन् तो म्हणेल तेवढा दोरा सोडायचा? नाही दाखवला तर उद्यापासून दुकान.
कोणीतरी चढावरून उतरून राह्यलं. मामा असतील, 
मामा नाहीत. दादा. सणाच्या दिवशी, भर दुपारी, दुकान टाकून. एकटाच. चपला हातात, पाय चिखलात. मला पाहून थांबलाय. पोतं माझ्या मागं आहे, त्याला अजून दिसलं नाही. पेन ठेवतो अन् पोतं पुढं ओढतो.