सोमवारची मेंदी

श्री

सोजत,
ता. २ ऑक्टोबर १९९१

चि. सौ. सुगन हीस पुखराजचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या गुडघ्याला दोन महिने प्लास्टर, म्हणजे यंदा दिवाळीला तू येत नाहीस. मांला तसं सांगितलं आहे.

माझी वेगळीच पंचाईत झाली आहे. टाळूची आग थांबेना म्हणून जोधपूरच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, मेंदी सोसेल, पण तीत कालवता ती काळी पूड आजपासून बंद. नुसती मेंदी लावून पाहिली, तर डोकं असं केशरी झालं की मंडईत लोक माझ्या मेंदीचा भाव विचारायचे सोडून मलाच बघत राहिले. तुझ्या भाभीने सांगितलं, पुन्हा हे केलंत तर मी माहेरी जाईन. आता केस पांढरे ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

भीती आहे ती मांची. नव्वदी उलटली तरी तिचं म्हणणं एकच, मुलाचं डोकं पिकलं की लोक आईच्या चितेची लाकडं मोजायला लागतात. मला पांढरा बघून ती हाय खाईल. नजर तर अजून शाबूत, सुईत दोरा ओवते असं स्वतःच सांगते. काही सुचव.

लोभ आहेच, तो पिकल्या केसांसकट चालू ठेवावा.

तुझा,
पुखराज

*

बाडमेर,
ता. ९ ऑक्टोबर १९९१

ती. भाईसांना सुगनचा शि. सा. न. वि. वि.

चाळीस वर्षं गावाला मेंदी विकलीत आणि शेवटी स्वतःचंच डोकं उघडं पडलं. भाभींना म्हणावं, माहेरी कशाला, इकडे या, दोघी मिळून हसू.

आता ऐका. एकदम पांढरे होऊ नका. न्हाव्याला सांगा, दर आठवड्याला थोडे रंगलेले केस काढ आणि थोडे पांढरे राहू दे. दुधात पाणी मिसळावं तसं हळूहळू मिसळलं की मांच्या ध्यानातही यायचं नाही. तोवर घरातही डोक्यावरचा साफा उतरवू नका. आणि माझी पत्रं तिच्यासमोर वाचू नका, गोदामात वाचा. तिचे कान तुम्हाला ठाऊक आहेत.

मांकडे लक्ष असू द्या. इथे पडल्या पडल्या तिचीच आठवण येते.

तुमची,
सुगन

*

सोजत,
ता. ९ नोव्हेंबर १९९१

चि. सौ. सुगन हीस अनेक आशीर्वाद.

तुझी युक्ती माझ्या मुळावर आली. दिवाळीला मांने नवी ओढणी घेतली नाही, सणाच्या गोड लापशीला हात लावला नाही. चार दिवस कोरडी रोटी आणि पाणी, तोंड झाकून कोपऱ्यात बसते. विचारलं तर म्हणते, तुम्हीच सांगा.

काल तुझ्या भाभीजवळ मांचा बांध फुटला. म्हणाली, आपल्या घरात मेंदी बंद होते ती कुणी गेलं तरच. पुखराज झोपला होता तेव्हा साफ्याखाली हात घातला. केस बारीक कापलेले, आणि मेंदीचा वास नाही. घरातल्या सगळ्यांना मी हाताने चाचपून मोजलं, सगळे आहेत. उरली एकटी सुगन. तिची पत्रं गोदामात का वाचतात, ते मला कळलं.

सुगन, ती तुझं सुतक पाळते आहे.

मी साफा काढून पांढरं डोकं पुढे केलं. म्हणते, काय दाखवतोस, तीन वर्षं झाली, मला रंग काय, माणूसही दिसत नाही. आपल्यापासून तिने हे लपवलं. तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणते, हे तूच लिहिलंस. फक्त तुम्हा दोघींनाच ठाऊक असेल असं काही ताबडतोब लिही. मला फार भीती वाटते आहे.

पुखराज

*

बाडमेर,
ता. १३ नोव्हेंबर १९९१

ती. मांच्या चरणी सुगनचा शि. सा. न.

मां, मेलेल्या मुलीचा गुडघा ठणकत नाही. माझा ठणकतोय.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तू मला धान्याच्या कोठीमागे नेलंस आणि डोकं पुढे केलंस. मी तुझे अकरा पांढरे केस उपटले. कुणाला सांगणार नाही म्हणून तू मला शपथ घातलीस आणि लाच म्हणून दोन पेढे दिलेस. आजवर मी शब्द पाळला. आज तुझ्यासाठीच मोडते. भाईसा, वाचताना हसू नका.

मां, जेव. मी आहे.

तुझीच,
सुगन

*

सोजत,
ता. १९ नोव्हेंबर १९९१

चि. सौ. सुगन हीस आशीर्वाद. मां सांगते तसं लिहितो.

केस नऊ होते. अकरा कधीच नव्हते. प्रत्येक गोष्ट वाढवून सांगायची खोड लहानपणापासून एकट्या सुगनलाच, म्हणून ओळखलं.

एवढं सांगून तिने दोन वाट्या लापशी खाल्ली आणि मग बराच वेळ रडली. आम्हीही रडलो.

माझ्या डोक्याबद्दल तिचा निकाल असा की काळं असो, पांढरं असो, तिला सारखंच. पण वास नसेल तर कोण आलं ते तिला कसं कळावं? म्हणून आता दर सोमवारी तुझी भाभी माझ्या तळहातावर रुपयाएवढी मेंदी लावते. अडुसष्टाव्या वर्षी मी बाजारात मूठ मिटून फिरतो. घरी आलो की मां आधी हात हुंगते, मग ताट मागते.

ती आणखी एक लिहायला सांगते. प्लास्टर निघालं की ये. डोक्यावरून हात फिरवल्याशिवाय तिचं सुतक पुरतं फिटायचं नाही. आणि निघण्याआधी मेंदी लाव, म्हणजे तू उंबऱ्यात आलीस की कुणी सांगायला नको.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
पुखराज आणि मां