होस्टिंगताईचा चेहरा

४ मार्च, सोमवार

ब्लॉग! साहेबांना ब्लॉग हवाय. दुसऱ्यांच्या वेबसाइटना आम्ही जागा भाड्याने देतो, आणि स्वतःच्या साइटवर तीन वर्षांत एक नवी ओळ नाही. "न्हाव्याचेच केस वाढलेत," म्हणाले. खरंय. पण काम आलं माझ्या गळ्यात! दिवसभर ग्राहकांची गाऱ्हाणी ऐकते, म्हणजे लिहिताही येत असणार, असा त्यांचा हिशोब.

कुलूपदादाचं तोंड लगेच आंबट. सर्व्हर तो सांभाळतो. खरं नाव त्याच्या बायकोलाच माहीत असेल, आम्हा सगळ्यांना तो कुलूप. म्हणाला, "ब्लॉग म्हणजे दुकानाला नवी खिडकी. हवा येते तसा हातही आत येतो."

साहेब म्हणाले, "मग गज लाव!" आणि जेवायला गेले.

५ मार्च, मंगळवार

आज दिवसभर दादाच्या शेजारी स्टूल टाकून. ग्राहकांची नावं, पत्ते, पासवर्ड जिथे आहेत त्या मशीनवर ब्लॉग नाहीच ठेवायचा. त्याला वेगळं मशीन, वेगळा डेटाबेस, दोघांत येण्याजाण्याची वाट नाही. "उद्या ब्लॉग फुटला तर फुटू दे. तिजोरीच्या भिंतीला भिंत नको."

लिहायचं खातं वेगळं, सगळे अधिकार असलेलं वेगळं. लॉगिन ऑफिसमधूनच होणार, वर फोनवर आकडा येणार. लेखिकेचं जे नाव छापायचं ते लॉगिनला वापरायचं नाही. कमेंट आधी माझ्याकडे, मी हो म्हटलं तरच साइटवर. बॅकअप रोज. आणि तो नुसता घ्यायचा नाही, एकदा परत उभा करून बघायचा!

मला आवडलं हे काम. घराला रंग देण्यासारखं. आईला सांगितलं तर म्हणाली, "एवढी कुलपं? आणि आत काय ठेवणार आहात?" लेख, म्हटलं. हसली.

८ मार्च, शुक्रवार

साहेबांची नवी टूम. लेख माझे, पण नाव माझं नको. "होस्टिंगताई" म्हणे! एक शांत, हुशार दिसणारी बाई, ग्राहकांना धीर देणारी. फोटो कुणाचा लावायचा? कुणाचाच नाही. कॉम्प्युटर चेहरे बनवून देतो, जगात कुठेही नसलेल्या माणसांचे.

बसून कितीतरी पाहिले. सगळे गुळगुळीत, साबणाच्या जाहिरातीतले. मग एक आला. तिशीची बाई. डाव्या भुवईत बारीकशी चीर, तिथे केस उगवलेले नाहीत. लहानपणी पडली असावी असं वाटणारी. हीच, म्हटलं.

दादा मागून बघत होता. "ही मला कुठेतरी भेटलीय," म्हणाला. मग स्वतःच, "छे."

११ मार्च, सोमवार

ब्लॉग सुरू झाला! पहिला लेख — पासवर्ड कसा असावा.

तासाभरात कुणीतरी लॉगिन करू बघतंय. मग आणखी. पडद्यावर ओळीमागून ओळ. दादा शांत. "रोबॉट आहेत. दारोदार हिंडतात, कड्या हलवून बघतात. आपली कडी निघाली नाही की पुढच्या दारी." एकही आत आला नाही. पण दिवसभर ते दार हलताना बघत बसणं काही बरं नाही वाटलं.

१३ मार्च, बुधवार

पहिली कमेंट. पासवर्डविषयी काही नाही. एवढंच —

"किती दिवसांनी दिसलीस."

काढून टाकली.

१५ मार्च, शुक्रवार

रोज सकाळी एक येते. माझ्या आधी ऑफिसात पोचलेली असते. आजची:

"नवी खोली केली आहे. रस्त्याचा आवाज येत नाही. कुणाचाच आवाज येत नाही. तुला शांतता हवी असायची ना."

दादा म्हणतो, रोबॉट नाही. रोबॉट काहीतरी विकतात. हा काही विकत नाहीये.

१८ मार्च, सोमवार

तो माणूस आज आला. कमेंटवाला.

मी समजले होते कुणी तरणा टवाळ असेल. साठीचा गृहस्थ! इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. दाराशी चपला काढू का, असं विचारलं त्याने — ऑफिसात! टेबलासमोर बसला. "मला ताईला भेटायचंय," म्हणाला. "माझी मुलगी आहे ती. चार वर्षं झाली घर सोडून."

मी सगळं समजावलं. काका, अशी बाई नाहीच. चेहरा कॉम्प्युटरने बनवलाय, लेख मी लिहिते. तो ऐकत होता, मान हलवत होता. मग म्हणाला, "असं सांगा म्हणून तिनेच सांगितलं असेल."

आणि खिशातून फोटो काढले.

तीच! सारखी वगैरे नाही. तीच. तेच डोळे, तीच हनुवटी. एका फोटोत तोंड थोडं वळलेलं होतं आणि डाव्या भुवईत ती चीर.

दादालाही बोलावलं. त्याने फोटो खिडकीशी नेऊन पाहिला, आमच्या पडद्यावरचा पाहिला. त्याला काही बोलायचं नसतं तेव्हा तो चष्मा पुसतो. बराच वेळ पुसत होता.

साहेब म्हणाले, योगायोग. लाखो चेहऱ्यांतून मशीन एक बनवतं, गेला असेल कुणाशी जुळून. हो. असेल. पण चीर मशीनला कुणी सांगितली?

१९ मार्च, मंगळवार

आजही आला. काही मागत नाही. बाकावर बसतो, मांडीवर हात. कुणी दार उघडलं की मान वर. संध्याकाळी "येतो हं, बाळ" म्हणून जातो.

२० मार्च, बुधवार

जेवताना आईला सांगितलं सगळं. म्हटलं, चार वर्षं शोधतोय गं बिचारा. बोलता बोलता डोळे भरले त्याचे.

आई भात वाढत होती. म्हणाली, "माझ्या सासूबाई म्हणायच्या, हसणाऱ्या बाईवर आणि रडणाऱ्या पुरुषावर विश्वास ठेवू नये. मी हसायचे, म्हणून मला ऐकवायच्या. ते तर खोटंच निघालं. दुसरं मी तपासलेलं नाही."

चिडले मी. बोलू नये ते बोलून गेले — आमचे बाबा गेले ते गेले, मागे वळून पाहिलं का त्यांनी कधी? माझी चौकशी केली? इथे एक बाप रोज येऊन बसतोय!

आईने भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मला वाईट वाटलं. पण मागे नाही घेतलं.

२२ मार्च, शुक्रवार



कमेंट आली, नवीन ईमेल पत्त्यावरून. "आमच्या शाळेची वेबसाइट तुमच्याकडे आहे, म्हणून हा ब्लॉग उघडला. यावर माझा फोटो का आहे? मी कुणालाही दिलेला नाही. कृपया आजच काढा."

ती आहे. कुठेतरी खरोखर आहे ती! शाळेत शिकवते. पत्ता शाळेचाच होता, आणि ती शाळा आमची ग्राहक. गाव छोटं आहे. नाव इथेही लिहीत नाही.

फोटो ताबडतोब काढला. साहेबांना न विचारता. त्या जागी किल्लीचं चित्र टाकलं. मग तिला लिहिलं — चेहरा मशीनने बनवला होता, विश्वास ठेवा, माफ करा. आणि शेवटी लिहिलं: तुमचे वडील रोज इथे येऊन बसतात. त्यांना काय सांगू?

हे सगळं होत होतं तेव्हा तो दहा हातांवर बाकावर बसलेला. माझ्याकडेच बघत होता. माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असेल का?

२५ मार्च, सोमवार

तिचं उत्तर नाही.

साहेब फोटोवरून ओरडले. लोक ताईसाठीच यायला लागले होते म्हणे. ओरडोत!

दादाला विचारलं, नुसतं गावाचं नाव सांगितलं तर? त्याने कीबोर्डवरचे हात उचलले. "ग्राहकाची माहिती बाहेर जात नाही. देव आला तरी नाही."

"बाप आहे तो, दादा."

"असू दे. तिला कळवलंस ना? मग दार तिच्या बाजूने उघडू दे."

बोलायला ठीक आहे. त्याच्या मुली रोज संध्याकाळी त्याला घ्यायला येतात.

२६ मार्च, मंगळवार

काकांना ताप असावा. बाकावर शाल गुंडाळून. पाणी दिलं तर पेला हातात धरवेना. किल्लीचं चित्र पाहिलंय त्यांनी. फक्त म्हणाले, "गेली वाटतं पुन्हा."

त्यांचे फोटो आज नीट पाहायला मिळाले. स्वतःच दिले, तेवढाच वेळ जाईल म्हणाले. एकातही ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. बसमध्ये चढताना. पिशवी घेऊन रस्ता ओलांडताना. खिडकीत केस पुसताना, खालून काढलेला. आई फोटो काढते तेव्हा मी वैतागून तरी बघते. ही कुठेच नाही बघत.

फोटोची हौस नसेल.

२७ मार्च, बुधवार

उत्तर नाही. परत लिहिलं तिला. एकदा तरी भेटा, म्हटलं. म्हातारा माणूस आहे.

सकाळची कमेंट: "तू वाचतेस हे मला कळतं."

कसं कळतं? मी तर यातली एकही साइटवर जाऊ दिलेली नाही. वाचणारी मी एकटी.

२८ मार्च, गुरुवार

आज दादा नव्हता, धाकटीच्या शाळेत गेला होता. साहेब बाहेर. ऑफिसात मी आणि काका. पंख्याचा आवाज.

बाकावरून उठून माझ्या टेबलाशी आले. हळूहळू, टेबलाची कड धरून. म्हणाले, "बाळ, मी उद्यापासून येणार नाही. झेपत नाही आता. तेवढं एकच सांग. जिवंत आहे का ती?"

मी म्हटलं, "आहे."

डोळे मिटले त्यांनी. ओठ थरथरले. मला कुणीतरी कधी असं शोधावं, असं वाटून गेलं.

"सुखात आहे?"

"शाळेत शिकवते, काका. सगळं छान असणार तिचं."

"कुठल्या?"

आणि मी सांगितलं. शाळेचं नाव, गावाचं नाव. एका दमात. सांगून टाकल्यावर इतकं हलकं वाटलं!

मला वाटलं रडतील, पाया पडतील की काय. काहीच नाही. दोन्ही नावं एकदा पुटपुटले. शाल काढली, घडी केली, काखेत धरली. टेबलावरचे फोटो गोळा केले, कडा जुळवून. आणि गेले. मी खिडकीतून पाहिलं — ताठ चालत होते. भरभर. रस्त्याच्या टोकाला तर धावतच सुटले.

आनंद माणसाला बळ देतो म्हणतात, ते हेच असेल.

आईला सांगितलं नाही. दादाला उद्या सांगेन. रागावला तर रागावला.

२९ मार्च, शुक्रवार

तिचं उत्तर आलं.

"परीक्षांमुळे तुमचे निरोप आज पाहिले. माझे वडील मी दुसरीत असतानाच वारले. तुमच्याकडे येऊन बसतो तो माणूस कोण, हे मला माहीत आहे. त्याच्यापायीच मी गाव सोडलं. त्याला माझ्याबद्दल एक अक्षरही सांगू नका."

मी काल सांगितलं.